विकतची भीति

मनुष्य आपल्या आयुष्यांतला केवढा तरी पैसा भीति दूर ठेवण्यासाठीं खर्च करीत असतो. दाराचें कुलूप, जिन्यावरचा दिवा, रात्रीं फिरणारा पहारेकरी, विम्याचा हप्ता, डॉक्टरांचीं औषधें, ग्रहशांतीची दक्षिणा, या सर्वांचा हिशेब एकत्र मांडला तर त्यावर ‘भय’ हा एकच मथळा घालावा लागेल. आणि तोच मनुष्य सुटीच्या दिवशीं, चांगले कपडे करून, मुलाबाळांसह रांगेंत उभा राहतो, तिकिटाचे पैसे मोजतो आणि म्हणतो, ‘मला भिववा.’ हा व्यवहार प्रथमदर्शनीं वेडगळ वाटतो. परंतु जगांतील अनेक मोठ्या शहरांत तो रोज चालतो, आणि आपल्याकडील जत्रांतून व नव्या बाजार-इमारतींतूनहि ‘भूतबंगला’ या नांवानें तो येऊन बसला आहे. तेव्हां, श्रोतेहो, या विकतच्या भीतीचा व्यापार कसा चालतो, तींत सुख कोठून येतें आणि तें सुख कोणत्या आधारावर उभें असतें, याचा आज थोडा विचार करूं.

ज्या भयगृहांविषयीं मी बोलणार आहें, तीं जत्रेंतल्या साध्या भूतबंगल्याहून निराळीं आहेत. जत्रेंत आपल्याला एका लहानशा गाडींत बसवितात, कापडी बोगद्यांतून फिरवितात, एखादा लाकडी सांगाडा हात हालवितो आणि खेळ संपतो. या दुसऱ्या जातींत बहुतेक वेळ गाडी नाहीं, खुर्ची नाहीं, रंगमंचाची कड नाहीं. प्रेक्षक स्वतःच्या पायांनीं अंधारांत चालतो. भोंवतालीं रंगभूषा केलेले जिवंत नट असतात. ते आपल्याकडे पाहून बोलतात, प्रश्न विचारतात, वाट अडवितात. आणि ही सारी योजना बहुधा जमिनीखालीं, किंवा आपण जमिनीखालीं गेलों असा भास होईल अशा जागेंत केलेली असते. नाटक पाहणें आणि नाटकांत सांपडणें यांत जें अंतर आहे, तेंच या दोहोंत आहे.

जमिनीखालींच कां, असें कोणी विचारील. जुन्या वाड्यांतील बळद किंवा किल्ल्यावरील भुयार ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना याचें उत्तर अर्धें ठाऊकच आहे. तळघराला खिडकी नसते, म्हणून दिवस कीं रात्र हें कळत नाहीं. वाट एकच असते, म्हणून पुढें काय आहे तें दिसत नाहीं आणि मागें फिरण्याचा धीर होत नाहीं. आवाज भिंतींवर आपटून परत येतो, तेव्हां बोलणारा डावीकडे आहे कीं उजवीकडे याचा अंदाज चुकतो. डोळे, कान आणि दिशा हे आपले तीन विश्वासू नोकर तेथें एकदम रजेवर जातात. शिवाय वरच्या अंगाला माती असणें ही कल्पनाच माणसाला मृत्यूची आठवण देणारी आहे.

हा व्यापार वाटतो तितका नवा नाहीं. १७९९ सालीं पॅरिस शहरांतील कापुसिन पंथाच्या सोडून दिलेल्या मठांत रॉबर्टसन या नांवानें प्रसिद्ध झालेल्या एका गृहस्थानें भुतांचे प्रयोग सुरू केले. प्रेक्षकांना प्रथम अंधाऱ्या वाटांतून नेत, मग एका काळ्या दालनांत बसवीत आणि दिवा मालवीत. पडद्याच्या मागें चाकांवरचा जादूचा कंदील असे. तो पडद्यापासून दूर सरकविला कीं पडद्यावरची आकृति मोठी होत जाई, आणि अंधारांत बसलेल्या प्रेक्षकाला वाटे कीं तें भूत आपल्याच अंगावर धांवून येत आहे. हें पाहणारे लोक भाबडे नव्हते. पांचसहा वर्षांपूर्वीं राज्यक्रांतींतील खरे शिरच्छेद त्यांनीं भर चौकांत पाहिले होते. तरीहि ते पैसे देऊन खोट्या भुतांना भिण्यास येत. जादूचा कंदील आपल्यालाहि परका नाहीं. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनीं १८९२ च्या सुमारास असेच कंदील वापरून ‘शांबरिक खरोलिका’ दाखविण्यास आरंभ केला होता, आणि तेथें हालणाऱ्या चित्रांतून आपल्या पुराणांतील कथा लोकांनीं पाहिल्या.

पुढें १८६२ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेंत जॉन हेन्री पेपर यांनीं रंगमंचावर पारदर्शक भूत उभें केलें. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची. पेपरनीं ती नाटकगृहांत वापरतां येईल अशी सोपी केली. युक्ति अशी कीं रंगमंचावर एक मोठी स्वच्छ कांच तिरपी उभी करावयाची आणि प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खालच्या खड्ड्यांत एका नटावर प्रखर प्रकाश टाकावयाचा. त्याचें प्रतिबिंब कांचेवर उमटतें, आणि कांचेमागचा नट त्या प्रतिबिंबाच्या आरपार जाऊं शकतो. रात्रीच्या आगगाडींत डब्यांतला दिवा चालू असतां खिडकीच्या कांचेंत आपलेंच तोंड बाहेरच्या काळोखांत तरंगतांना दिसतें, तें हेंच भूत. येथेंहि, लक्षांत घ्या, भूत खालीं खड्ड्यांत उभें आहे. तळघर आणि भय यांची मैत्री जुनीच म्हणावयाची.

आतांच्या भयगृहांपैकीं सर्वांस ठाऊक असलेलें उदाहरण म्हणजे लंडनचें ‘लंडन डंजन’. डंजन म्हणजे किल्ल्यांतील अंधारकोठडी. १९७४ सालीं अ‍ॅनाबेल गेडिस या बाईंनीं लंडन ब्रिज स्टेशनाखालच्या, टूली स्ट्रीटवरील विटांच्या कमानींत तें सुरू केलें. डोक्यावरून आगगाड्या जात आणि खालीं ओलसर अंधारांत इंग्लंडच्या इतिहासांतील छळ, रोगराई आणि फांशी यांचे मेणाचे देखावे मांडलेले असत. हळूहळू पुतळे मागें पडले आणि जिवंत नट पुढें आले. २०१३ सालीं हें सारें थेम्सकाठच्या जुन्या काउंटी हॉलच्या इमारतींत हलविण्यांत आलें.

२०१८ सालीं मुलीकडे लंडनला गेलों असतां नातवाच्या आग्रहावरून मीं तें पाहिलें. आरंभीं आपल्याला लिफ्टसारख्या एका खोलींत उभें करतात. ती कुरकुरत, हादरत खालीं खालीं जात असल्याचा भास होतो. मग अंधाऱ्या पाण्यावरून नाव जाते. पुढें एकेका दालनांत एकेक नट आपल्याला ताब्यांत घेतो. १६०५ साली गाय फॉक्स यानें पार्लमेंटखालच्या तळघरांत दारूचीं ३६ पिंपें लपविली होतीं, ती कथा ऐकतांना खरें पार्लमेंट नदीच्या पलीकडेच उभें आहे हें आठवतें. १६६५ च्या प्लेगचें दालन येतें. त्या एका वर्षांत लंडनच्या मृत्यूंच्या नोंदींत प्लेगचे ६८,००० हून अधिक बळी लिहिले गेले होते. मग स्वीनी टॉड या न्हाव्याचें दुकान. हा न्हावी इतिहासांतला नाहीं, १८४६–४७ सालच्या एका स्वस्त कथामालेंत तो जन्मला. त्याच्या खुर्चीवर बसवितात, दिवे जातात आणि कानापाशीं वस्तऱ्याचा आवाज येतो. अखेरीस फांशीचा पाळणा, तो आपल्याला बसल्या जागेवरून धाडकन खालीं सोडतो. बाहेर पडणाऱ्या बहुतेकांच्या तोंडावर हंसूं असतें.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनीं या विषयाचा विचार केलेला आहे, आणि तो येथें फार उपयोगी पडतो. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत आठ रसांत भयानक रसाची गणना केली. त्याच्या कारणांत विकृत आवाज, पिशाचादिकांचें दर्शन, कोल्हे-घुबडें, ओसाड घर आणि अरण्य हीं त्यांनीं सांगितलीं. आजच्या भयगृहाच्या मालकानें सामानाची यादी करावयास घेतली तर तो यापलीकडे फारसा जाणार नाहीं. भरतमुनींनीं या रसाचे तीन प्रकारहि केले आहेत: व्याजानें म्हणजे सोंगानें निर्माण होणारा, अपराधाच्या जाणिवेनें होणारा, आणि दचकविल्यानें होणारा. अशा भयगृहांत न्यायाधीशाचें एक दालन बहुधा असतें. तो प्रेक्षकांतील एखाद्या सभ्य गृहस्थाला पिंजऱ्यांत उभा करून त्याच्यावर हास्यास्पद आरोप ठेवतो, आणि गृहस्थ निर्दोष असूनहि गोरामोरा होतो. हें दुसऱ्या प्रकारचें भय. काळोखांतून एकदम पुढें येणारा मुखवटा हें तिसऱ्या प्रकारचें. आणि सारें घरच पहिल्या प्रकारचें.

सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या काश्मीरांतील अभिनवगुप्तांनीं याहून खोल प्रश्न विचारला: भय जर दुःखद, तर त्याचा रस कसा होतो? शाकुंतलाच्या आरंभीं दुष्यंताच्या रथापुढें पळणारें हरिण त्यांनीं उदाहरणास घेतलें. तें पाहतांना प्रेक्षक ‘मी भ्यालों’ असें म्हणत नाहीं, किंवा ‘तो परका कोणी भ्याला, मला काय त्याचें’ असेंहि म्हणत नाहीं. भय माझें-तुझें या बंधनांतून सुटतें, आणि म्हणून आस्वाद घेण्याजोगें होतें. परंतु हें घडतें तें प्रेक्षक आपल्या आसनावर सुरक्षित बसलेला असतो म्हणून. भयगृहानें नेमकें तें आसनच काढून घेतलें आहे. येथें हरिण म्हणजे आपणच. तर मग येथें भयाचा आनंद होतो कसा? आसनाच्या जागीं दुसरें कांहीं तरी असलें पाहिजे.

तें काय, हें पाहण्यापूर्वीं शरीरांत काय होतें तें पाहूं. अचानक मोठा आवाज झाला तर डोळे मिटतात, मान आखडते, खांदे वर येतात. हें सारें एका निमिषाच्या आंत, विचार येण्यापूर्वींच होऊन जातें; त्यावर शूर व भित्रा यांचें सारखेंच चालत नाहीं. पाठोपाठ अ‍ॅड्रेनॅलीन रक्तांत उतरतें, छाती धडधडते, तळहात ओले होतात. मग बुद्धि जागेवर येते आणि सांगते, ‘अरे, हा तर पगारी नट!’ शरीर पळण्यासाठीं सज्ज झालेलें असतें आणि पळण्याचें कारण उरलेलें नसतें. ती जमविलेली शक्ति हंसण्यांतून बाहेर पडते. कसलेला नट हें जाणतो. तो एका हातानें आपलें लक्ष एका कोपऱ्याकडे वळवितो आणि साथीदार दुसऱ्या कोपऱ्यांतून येतो. किंचाळी झाली कीं क्षणभर थांबतो आणि लोकांना हंसूं देतो. मगच पुढची दोरी ताणतो.

या विषयावर अलीकडे पद्धतशीर संशोधनहि झालें आहे. डेन्मार्कमधील वायले येथें एका बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्यांत ‘डिस्टोपिया’ नांवाचें भयगृह भरत असे. तेथें आर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनीं ११० प्रेक्षकांच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारें यंत्र लावून त्यांना आंत सोडलें आणि बाहेर आल्यावर किती भ्यालांत, किती मजा आली, असें विचारलें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष फळ्यावर काढावयाचा तर एखाद्या टेकडीसारखा दिसेल: भय वाढत जातें तशी मजा वाढत जाते, शिखरापर्यंत पोंचते, आणि भय त्यापुढें गेलें कीं मजा उतरूं लागते. सुख फार थोड्या भयांतहि नाहीं आणि फार मोठ्या भयांतहि नाहीं. अमेरिकेंत पिट्सबर्ग येथील एका भयगृहाच्या ‘बेसमेंट’ नांवाच्या तळघरांत २६२ प्रौढांची आधीं व नंतर पाहणी झाली. तिचा वृत्तांत २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. बाहेर आलेल्यांची मनःस्थिति आंत जातांना होती त्याहून सरासरीनें बरी होती, आणि थकून किंवा कंटाळून आलेल्यांना त्याचा विशेष लाभ झाला होता. या तळघरांत नट प्रेक्षकाला स्पर्शहि करीत. मात्र आंत जाणारा १८ वर्षांवरील असे, आधीं लेखी संमति देई, आणि एक ठरलेला शब्द उच्चारला कीं खेळ तेथल्या तेथें थांबे.

श्रोतेहो, त्या ठरलेल्या शब्दांत आपल्या प्रश्नाचें उत्तर आहे. काढून घेतलेल्या आसनाच्या जागीं या घरांत विश्वास ठेवलेला असतो: घर चालविणारा मला इजा होऊं देणार नाहीं, आणि मला नको असेल तेव्हां बाहेर जातां येईल. टेकडीच्या शिखराच्या अलीकडे राहणें जर स्वतःच्या हातांत असेल, तरच भय हा खेळ. बालकाला आजा आकाशांत उडवून झेलतो, तेव्हां तें किंचाळतें आणि ‘पुन्हां’ म्हणतें. पण हेंच अनोळखी माणसानें केलें तर तें रडतें. उडविणें तेंच, झेलणाऱ्यावरचा भरंवसा निराळा. लंडनच्या त्या काळोखांत माझ्या नातवानें माझा हात घट्ट धरला होता. एका वळणावर तो हळूच म्हणाला, ‘आजोबा, तो हिरवा माणूस कुठें पळतोय?’ पाहिलें तों दारावर बाहेर पडण्याची खूण दाखविणारी हिरवी दिव्याची पाटी होती. साऱ्या दालनांत तेवढी एक वस्तु खोटी नव्हती.

ही पाटी नसली, किंवा तिच्यामागचें दार उघडत नसलें तर काय होतें, हें जगानें एकदां पाहिलें आहे. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत ग्रेट अ‍ॅडव्हेंचर नांवाच्या उद्यानांत ‘हाँटेड कॅसल’ हें भयगृह होतें. मालवाहू गाड्यांचे मोठे डबे एकमेकांस जोडून तें तयार केलें होतें. आंत लाकडी फळ्या, कापड आणि फोमचीं अस्तरें. ११ मे १९८४ रोजीं संध्याकाळीं तेथें आग लागली. पाणी शिंपडणारी स्वयंचलित यंत्रणा तेथें नव्हती, धुराची सूचना देणारें यंत्रहि नव्हतें. आठ तरुण मुलेंमुली आंत मरण पावलीं. ज्या घरांत धूर खोटा, किंकाळी खोटी, ‘पळा’ म्हणून ओरडणाराहि खोटा, त्या घरांत खरा धूर ओळखावयाचा कसा? वळणावळणाची अंधारी वाट, जी क्षणापूर्वीं गंमत होती, तीच सांपळा ठरते. या दुर्घटनेनंतर अमेरिकेंतील अग्निसुरक्षेच्या नियमांत अशा करमणुकीच्या इमारतींसाठीं पाण्याचे फवारे आणि धूरसूचक यंत्रें यांची अट घालण्यांत आली. आजच्या नियमांचा हेतु असा कीं धूर लागतांच गोंधळ माजविणारे आवाज बंद व्हावे, दिवे लागावे आणि बाहेरची वाट स्पष्ट दिसावी. म्हणजे संकट आल्याबरोबर घरानें आपलें सोंग टाकावें.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय सोडवत नाहीं. लंडनच्या भयगृहांत १८८८ सालच्या व्हाइटचॅपेलमधील खुनांचेंहि दालन आहे. तो खुनी कोण, हें अद्याप ठरलेलें नाहीं, आणि त्या गूढाचीच लोकांना गोडी. परंतु त्यानें मारलेल्या म्हणून मानल्या जाणाऱ्या पांच स्त्रिया खऱ्या होत्या, दरिद्री होत्या, आणि त्यांना बाहेर पडण्याचें दार मिळालें नाहीं. स्वीनी टॉडच्या खुर्चीवर हंसण्यास माझी हरकत नाहीं, कारण तो कागदावरचा. खऱ्या मृतांच्या बाबतींत मात्र हंसूं थोडें आवरतें घ्यावें, आणि घरीं आल्यावर मुलांना सांगावें कीं यांतलें कोणतें रचलेलें आणि कोणतें घडलेलें. तेवढें केलें तर तें तिकीट इतिहासाच्या एका धड्याच्या किंमतीचें होईल.

आपल्या शहरांतूनहि आतां असे बंगले उघडत आहेत. मुलांना तेथें नेऊंच नये, असें मी म्हणणार नाहीं. सहलीच्या रात्रीं दिवा बारीक करून भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलांना मीं कधीं दटावलें नाहीं. पण तिकीट काढण्यापूर्वीं वडील माणसांनीं चार गोष्टी पाहाव्या. बाहेर पडण्याच्या दारांवर दिव्याच्या पाट्या आहेत काय, आणि तीं दारें कुलूप न लावतां उघडतात काय? आग विझविण्याची सोय आहे काय? सोंग न घेतलेला, हांक मारल्यास उत्तर देणारा कोणी माणूस आंत आहे काय? आणि मध्येंच परत फिरावयाचें झालें तर काय करावें, हें तेथील लोक विचारण्यापूर्वींच सांगतात काय? यांतील एकाचेंहि उत्तर गुळमुळीत मिळालें तर तेथून परतावें. हृदयविकार असलेल्यांनीं व गरोदर स्त्रियांनीं आंत जाऊं नये. ज्या मुलाचें मन तयार नाहीं त्याला ‘भित्रा’ म्हणून ढकलूं नये. ढकलल्यानें धैर्य येत नाहीं, झेलणाऱ्यावरचा भरंवसा मात्र जातो. आणि आंतल्या नटाशीं सभ्यतेनें वागावें. घाबरलेल्या माणसाचा हात त्याच्यावर चटकन उठतो, आणि तो बिचारा दिवसांतून कितीदां तरी तीच किंचाळी मारून पोट भरीत असतो.

एवढी काळजी घेऊन जे आंत जातील त्यांनीं मग खुशाल भ्यावें, मोकळेपणानें किंचाळावें, आणि बाहेर आल्यावर पोटभर हंसावें.